चिकू घरी पोचले का?

भांडणांनी कुणाचं तुटत नाही हो! रोज कचाकचा भांडणारी कपल्स वर्षानुवर्षं टिकतात. तुटणाऱ्या नात्याच्या खुणा फार बारीक असतात. आणि दोघांतलं एक जण डहाणूकडचं असेल, तर त्या चक्क टाइमटेबलात दिसतात.

एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली. चर्चगेटपासून १२४ किलोमीटर. पण विरारच्या पुढे गाड्या मोजक्याच. एक चुकली की बसा प्लॅटफॉर्मवर. तलासरीकरांचं त्याहून अवघड, तिथे स्टेशनच नाही. डहाणूला उतरून पुढे एसटी, नाहीतर मिळेल ते वाहन.

माझी एक मैत्रीण तलासरीची, तो बोरिवलीचा. भेट दर वेळी बोरिवलीत. ‘तू येतेसच ना नाहीतरी!’ तिची शेवटची गाडी कितीची, हे त्याला दोन वर्षांत पाठ झालं नाही. ‘थांब ना गं अजून’ हे ऐकायला सॉलिड रोमँटिक वाटतं, पण गाडी चुकल्यावर तिने रात्र कुठे काढायची? एकदा तिने त्याच्या आईसाठी घोलवडचे चिकू नेले (हो, २०१६ मध्ये जीआय मिळालेले तेच). चार दिवसांनी पिकून मऊ झाले, तरी त्याच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच! ‘कुणी दिले म्हणून सांगू घरी?’ हे वर. माझ्या मते ब्रेकअप तिथेच झाला होता.

याच डहाणू-तलासरीत वारली समाजातली कितीतरी जोडपी लग्नाआधीच संसार थाटतात. यात आपल्या लिव्ह-इनचा फंडा शोधू नका, कारण साधं आहे: लग्नाचा खर्च झेपत नाही. पूर्वी त्यासाठी सावकाराचं कर्ज काढलं की नवरा-बायको त्याच्याकडे वेठीला जुंपले जायचे. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. ती पद्धत मोडली १९४५ च्या वारली उठावाने, तलासरीतल्या झरी गावातून पेटलेल्या. आजही सामूहिक विवाहाच्या मांडवात काही जोडप्यांची मुलं शेजारी उभी असतात. विधी राहिलेला असतो, पण हे माझं माणूस, हे अख्ख्या पाड्याला माहीत असतं.

मैत्रिणीने गेल्या महिन्यात त्याला एवढंच म्हटलं, ‘या रविवारी तू ये.’

‘बघतो,’ तो म्हणाला. ‘विरारच्या पुढे गाड्या असतात ना?’