आपलं आपण सांगूया



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न, "पुढे काय?" पण वर्गातल्या एखाद्या कमी दिसणाऱ्या मैत्रिणीला आणखी एक काळजी असते, "कॉलेजात माझी अडचण कुणाला कळणार?"

शाळेत कसं, सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. बाई तिला न सांगता पहिल्या बाकावर बसवतात. फळ्यावरचं शेजारीण वाचून दाखवते. कॉलेजात वर्ग मोठा, शिक्षक नवे. आपल्याला काय हवं, ते तिथे तिनंच सांगायला हवं. आणि ही सवय एका दिवसात लागत नाही बरं का! ती आठवीपासूनच लावायची.

कशी? दोन वाक्यं तयार ठेवायची. पहिल्यात अडचण, दुसऱ्यात मागणी. "सर, मला लांबचं दिसत नाही. फळ्यावर लिहिताना मोठ्यानं वाचाल का?" झालं! बोलता येत नसेल, तर हेच चिठ्ठीवर लिहून द्यायचं.

यात लाजायचं कशाला? हा हक्कच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वाची नोंद आहे. किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर उच्च शिक्षणाच्या सरकारी व अनुदानित संस्थांत निदान ५ टक्के जागा राखीव असतात. प्रवेशाच्या वयातही ५ वर्षांची सवलत मिळते. म्हणून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड दहावीच्या आधीच काढून ठेवा. बोर्डाच्या परीक्षेला लेखनिक किंवा जादा वेळ हवा असेल, तर शाळेमार्फत वेळेत अर्ज करा.

शिवाय सुट्टीत थोडा सराव हवा. एस.टी.नं एकट्यानं जाऊन येणं, बँकेत पैसे भरणं, फोनवर चौकशी करणं. दिसत नसेल, तर संगणकावर एनव्हीडीए शिकून घ्या. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

आणि बाकीच्या दोस्तांनो, तुमचंही एक काम आहे. मैत्रिणीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊन टाकू नका. तिला विचारल्याशिवाय हात धरून ओढू नका. "मदत हवी का?" असं विचारा आणि ती काय म्हणते ते ऐका. "नको" म्हणाली, तरी रुसायचं नाही हं!

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. आपापली दोन वाक्यं वहीत लिहा आणि उद्या वर्गात एकदा तरी म्हणून पाहा.