चार दिवस गप्प रहा

मे महिना लागला की वास्कोतल्या घरांत पाय ठेवायला जागा नसते. गोवा एक्स्प्रेस मिरज-बेळगावहून आत्या, मावश्या, भाचरं आणून सोडते. मग मानकुराद आंबे, संध्याकाळी बायणा नाहीतर बोगमाळो, रात्री हॉलमध्ये ओळीने गाद्या. याच गर्दीत कुठल्याशा घरात हॉस्टेलवरून आलेला एखादा वीस-बावीस वर्षांचा मुलगा असतो. आपल्याला मुलगाच आवडतो, हे त्याने आईबापांना धीर करून सांगितलेलं असतं. त्यावर उत्तर काय? "पाहुणे आहेत तोवर चार दिवस गप्प रहा."

माझं भांडण या चार दिवसांशी आहे. ते कधी संपतच नाहीत हो! मे सरला की चवथ, मग दिवाळी, मग चुलत बहिणीचं लग्न. आत्या विचारणार, "काय रे, मुली बघायच्या ना यंदा?" आणि याने हसून मान खाली घालायची. घराची अब्रू एकट्या पोराने सांभाळायची, हा कुठला न्याय?

काही घरं तर "सुट्टी आहेच, एकदा डॉक्टरला दाखवू" म्हणतात. बायांनो, दाखवायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. आणि असे 'बदलून देणारे' उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये बजावलं. मे 2020 मध्ये केरळची एक तरुण विद्यार्थिनी याच गोव्यात मरण पावली. घरच्यांनी आपल्याला उपचार केंद्रांत कोंडून औषधं दिली, असं ती त्याआधी दोनच महिने जाहीर सांगून गेली होती.

"म्हाताऱ्यांना झेपत नाही," हे आणखी एक पालुपद. म्हाताऱ्यांना घटस्फोट झेपले, परजातीच्या सुना झेपल्या. झेपत नाही ते आपल्यालाच. नाव मात्र सासूचं.

पाहुण्यांना सांगायचं की नाही, ते त्या मुलाने ठरवावं. पण त्याला खोटं बोलायला लावू नका. गप्प बसवायचंच तर आत्याला बसवा. "वन्सं, त्याच्या लग्नाचा विषय नको, आंबा घ्या," एवढं तर कुठल्याही आईला म्हणता येतं.