पुटकुळी फुटली, आता पुढे?

मुरूम फोडू नये हे आपल्या सगळ्यांना पाठ असते. तरी आरशापुढे उभे राहिले की बोटे शिवशिवतात आणि पुटकुळी फुटते! म्हणून आज तो उपदेश बाजूला ठेवू. फुटलीच आहे, तर पुढचे आठ दिवस काय करायचे ते पाहू. कारण डाग किती राहणार हे बरेचसे त्या आठ दिवसांत ठरते.

पहिले म्हणजे, पुन्हा दाबू नका. ‘थोडे राहिलेय, तेही निघू दे’ म्हणून दाबले की पू आत खोल जातो, सूज वाढते आणि पुढे खड्डा पडू शकतो. हात साबणाने धुवा. चेहरा सौम्य साबणाने धुऊन हलकेच टिपा, खसाखसा पुसू नका. रक्त येत असेल तर स्वच्छ मऊ फडके दोन-चार मिनिटे दाबून धरा. मग फडक्यात गुंडाळलेला बर्फ मिनिटभर टेकवा, ठणका कमी होतो. शेवटी फक्त तेवढ्याच जागी साध्या व्हॅसलीनचा पातळ थर द्या. जखम ओलसर राहिली की लवकर भरते. सगळ्या चेहऱ्याला मात्र ते चोपडू नका हं! खपली धरलीच, तर ती आपोआप पडू द्या. जखम भरेपर्यंत पावडर-क्रीमलाही सुट्टी.

लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट यांनी उघडी जखम चुरचुरते आणि कातडी भाजते. डब्यातली हळदही स्वयंपाकातच बरी.

सर्वांत मोठा धोका शेजारणीच्या ‘गुणकारी’ ट्यूबचा! अशा कित्येक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असते. चार दिवसांत लाली जाते, चेहरा उजळ दिसतो, म्हणून आपण लावतच राहतो. मग कातडी पातळ होते, चेहरा लालबुंद होतो, मुरूम दुप्पट उठतात, कधी लवही वाढते. बंद केली की आग होते, म्हणून पुन्हा तीच लावली जाते. २०१८ साली सरकारने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, ती उगीच नव्हे. पिंपरीचे नाव तर १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समुळे पेनिसिलिनशी जोडले गेले. औषधांच्या या गावात तरी घरात उरलेले मलम जखमेला फासायचे नाही, एवढे आपण पाळूच.

आता उन्हाचे. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर मुरूम गेला तरी काळसर डाग महिनोन्‌महिने राहतो, आणि ऊन त्याला अधिक गडद करते. भोसरीहून चाकणला पाळीवर जाणाऱ्या, मुलांना स्कूटरवरून शाळेत सोडणाऱ्या भगिनींनी जखम भरल्यावर रोज सनस्क्रीन लावावे. तोंडाला बांधायचा स्कार्फ सुती असावा आणि रोज धुतलेला असावा. धूळ-घाम मुरलेला तोच स्कार्फ आठवडाभर बांधला, तर तो राखणार कमी आणि घासणार जास्त. उशीचा अभ्राही वरचेवर बदला.

लाली पसरू लागली, गाल गरम होऊन सुजला, ताप आला, किंवा नाकाजवळची-ओठावरची पुटकुळी फार दुखू लागली, तर घरचे उपाय थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खासगी दवाखाना परवडत नसेल तर पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा. मुरुमांवरच्या काही गोळ्या पोटातल्या बाळाला फार घातक असतात.

आणि एक. घरात लग्न ठरलेली मुलगी असेल तर ‘चेहऱ्याचे काय करून घेतलेस!’ असे तिला दहादा ऐकवू नका. डाग बहुधा हळूहळू फिका होतो. बोलण्याने मात्र ती पुन्हा आरशापुढे जाते, आणि बोटे पुन्हा गालाकडे!