द्राक्षांच्या गावाला, दोघंच!

मैत्रिणींनो, संक्रांत जवळ आली की दोन दिवसांच्या सहलीबद्दल विचारणा सुरू होते. या वेळी एकीने विचारलेला प्रश्न पुष्कळजणींच्या मनातला आहे, म्हणून सगळ्यांसाठीच लिहिते. तिच्या लग्नाला सोळा वर्षं झाली, पण दोघंच अशी कुठं गेलेली नाहीत. गेली ती देवदर्शनाला, नाहीतर कुणाच्या कार्याला, तीही सगळं लटांबर घेऊन. आता यजमान म्हणताहेत, नाशिकचे द्राक्षमळे आणि वाइनरी पाहून येऊ. ही स्वतः त्यातलं काही घेत नाही. मग मी तिथं जाऊन करू काय, आणि सासूबाईंना सांगू काय, असा तिचा पेच आहे.

माझं उत्तर सरळ आहे. जरूर जा! मात्र निघण्याआधी एकदा दोघांनी निवांत बसून तीन गोष्टी बोलून ठरवा. तिथं कोण काय घेणार, परतताना गाडी कोण चालवणार, आणि दोन दिवसांतला कुठला वेळ तुमच्या आवडीचा. आपण बऱ्याचजणी ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणून मोकळ्या होतो आणि घरी आल्यावर आठवडाभर धुसफुसतो. मनातली हौस सांगितल्याशिवाय समोरच्याला कळावी कशी?

केव्हा जावं?

द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी, आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या आसपासची फळ छाटणी. या दुसऱ्या छाटणीनंतर साधारण चार महिन्यांनी घड तयार होतात. म्हणून जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत मळे बघण्यासारखे असतात. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार दिसतात खरे, पण वेलीवर पानंच पानं! द्राक्षं पाहायची असतील तर तेव्हा जाऊ नका.

शनिवार-रविवारी वाइनरीत फार गर्दी उसळते. जमलं तर मधल्या वारी जा. खोल्याही तेव्हा स्वस्त पडतात. २६ जानेवारीला दारूबंदीचा दिवस असतो, तोही ध्यानात ठेवा. जानेवारीत नाशिक-निफाडकडची थंडी कडक असते. शाल आणि पायमोजे न विसरता घ्या. पायांत सपाट चपला हव्यात, मळ्यातल्या मातीत उंच टाचा रुततात.

कसं जावं, कुठं राहावं?

मुंबईकडच्यांनी रेल्वेने कसारा घाटातून नाशिकरोडला उतरावं. स्टेशन गावापासून आठ-दहा किलोमीटर लांब आहे, तेव्हा रिक्षाचे पैसे हिशेबात धरा. पुण्याहून नारायणगाव, संगमनेर, सिन्नर या रस्त्याने सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर पडतं. वाटेतल्या नारायणगावाचाही या कथेत वाटा आहे बरं का! १९८० च्या दशकात तिथं फसफसणारी वाइन तयार होऊन परदेशी जाऊ लागली. नाशिकच्या सुला वाइनरीची पहिली वाइन आली २००० साली, आणि २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष-वाइनसाठी धोरण आखलं. त्यानंतर गंगापूर धरणाच्या बाजूला आणि दिंडोरीकडे वाइनऱ्या उभ्या राहिल्या.

मळ्यातल्या खोल्या महाग असतात. गावात साध्या स्वच्छ हॉटेलात उतरून दिवसा तिकडे गेलात तरी काही बिघडत नाही. एका दिवशी दोन वाइनऱ्या पुष्कळ झाल्या. चार-पाच पाहायला निघालात तर सगळ्या सारख्याच वाटू लागतील. जाण्याआधी फोन करून फेरीची वेळ आणि दर विचारून ठेवा.

आत काय पाहावं?

आता मुख्य शंकेकडे येऊ. वाइन न घेणाऱ्या बाईला तिथं पाहण्यासारखं काय? अहो, लोणची-मुरंबे घालणाऱ्या आपल्यासारखीला तर तिथं फारच गंमत आहे! आपण बाजारातून आणतो ती थॉम्सन किंवा सोनाका द्राक्षं बिनबियांची, पातळ सालीची. वाइनची द्राक्षं आकाराने लहान, सालीला जाड आणि बियांची. दोन्ही चाखून बघा, फरक लगेच जिभेला कळेल.

इडलीचं पीठ जसं फुगतं, तसंच इथंही आंबवणंच आहे. यीस्ट रसातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. पांढऱ्या वाइनसाठी रस सालीपासून आधीच वेगळा करतात. लाल वाइनमध्ये काळ्या द्राक्षांची सालं रसाबरोबरच आंबतात, म्हणून तिला रंग चढतो. स्टीलच्या मोठ्या टाक्या थंड ठेवलेल्या असतात, कारण उष्णता वाढली की आंबणं भराभर होतं आणि वास उडून जातो. काही वाइन ओकच्या लाकडी पिंपांत मुरवतात. हे सगळं दाखवणारा माणूस बरोबर असतो. त्याला खुशाल प्रश्न विचारा, संकोच करू नका.

फेरी संपली की पेल्यांत थोडी थोडी चार-पाच तऱ्हेची वाइन चवीला देतात, आधी हलकी पांढरी आणि मग लाल. घ्यायची नसेल तर ‘मला नको’ एवढंच हसून म्हणावं, कारणं देत बसू नये. नुसता वास घेतला तरी चालतो. चव घेऊन तोंडातली वाइन टाकायला तिथं भांडं ठेवलेलं असतं, त्यात कमीपणा नाही. घ्यायची इच्छा असेल तर तेही तुमचंच तुम्ही ठरवा, कुणी आग्रह केला म्हणून नव्हे. आपल्याकडे कायद्याने वयाची एकवीस वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. उपाशीपोटी घेऊ नका. दिवस गेले असतील, अंगावर पाजत असाल, किंवा मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर अजिबात नको.

आणि हे यजमानांनाही वाचून दाखवा. चार-पाच पेल्यांतलं थोडं थोडं मिळून बरंच होतं. ज्याने घेतली त्याने गाडीला हात लावायचा नाही. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर तो गुन्हा आहे. जाण्यायेण्याची रिक्षा किंवा टॅक्सी सकाळीच ठरवून टाका. ‘काही होत नाही गं’ या बोलण्यावर गप्प बसायचं नाही. इथं तुमचा शब्द शेवटचा राहू द्या.

घरी काय सांगावं?

खरं तेच सांगा. पंचवटीला जातो म्हणून निघालात आणि नंतर कुणाच्या मोबाइलवर पिंपांपुढचा फोटो निघाला, तर उगीच मन कलुषित होतं. मळे पाहणार, वाइन कशी करतात ते पाहणार, आणि काळारामाचं दर्शनही घेणार, असं मोकळेपणाने सांगितलं की निम्मा विरोध तिथंच विरतो. राहिलेला निम्मा शांतपणे ऐकून घ्यावा, पण बेत मोडू नये.

आदल्या रात्री दोन भाज्या, वीस पोळ्या आणि वर लाडू करून दमून निघू नका. डोशाचं पीठ, मेतकूट, उकडलेले बटाटे एवढ्यावर घर दोन दिवस छान चालतं. मुलांच्या औषधांचे आणि शाळेच्या वेळांचे कागद फ्रिजवर लावा आणि दिवसातून एकदाच फोन करा.

दुसऱ्या दिवसाची सकाळ तुमची. पांडवलेणी चढा, रामकुंडावर बसा, झणझणीत मिसळ खा, नाहीतर उशिरापर्यंत नुसत्या लोळत पडा. कुणाला चहा करून द्यायचा नाही!

येताना द्राक्षं आणाल तर उथळ खोक्यात एका थराने ठेवा. वरची पांढुरकी लव नैसर्गिक असते. तिला घाबरू नका, पण खाण्याआधी भरपूर वाहत्या पाण्याखाली द्राक्षं धुवा. फ्रिजमध्ये मात्र न धुता कागदात गुंडाळून ठेवावी, ओली ठेवली की लवकर बुरशी धरते. आणि थोडे मनुके सासूबाईंसाठी आठवणीने वेगळे घ्या.