सात दिवसांचे दत्तक

हिवाळा आला की महाविद्यालयांना आपापली दत्तक गावे आठवतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर, प्रभातफेरी, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा, समारोपाला सरपंचांचा सत्कार. पुढच्या वर्षी पुष्कळदा गावच बदलते. गांधी जन्मशताब्दीत, १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास द्यायचे असतात. ते भरतातही, निदान डायरीत! पण गोण्यांचा बंधारा दरसाल नव्याने घालावा लागतो आणि पाणी कुठून फुटले, हे आधीच्या तुकडीलाच ठाऊक असते. विद्यापीठांनी एकच गाव किमान पाच वर्षे धरावे, जुन्या मुलांकडे नव्यांना तयार करण्याचे काम सोपवावे. कामे मात्र ग्रामसभेला विचारून ठरवावीत.