नवनगराचा नकाशा आणि सातबाऱ्याबाहेरची माणसे

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा हा रस्ता पुरा झाला. त्यानंतर चर्चा झाली ती वेगाची, पथकराची आणि अपघातांची. या योजनेचे जे दुसरे अंग आहे, त्याविषयी मात्र सत्ताधाऱ्यांनी आणि विरोधकांनीही फारसे बोलण्याचे कष्ट घेतलेले नाहीत. हे दुसरे अंग म्हणजे महामार्गाच्या इंटरचेंजलगत वसवावयाची ‘कृषी समृद्धी’ नवनगरे. वाशिम जिल्ह्यात हा रस्ता कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून जातो. कारंजा, शेलूबाजार व मालेगाव या परिसरांतील जमिनीकडे नगरे आखणाऱ्यांची आणि त्यांच्याही आधी जमिनीच्या दलालांची नजर वळली ती याच कारणाने.

ही नगरे अद्याप बहुतांशी कागदावरच आहेत. योजनेचे पुरस्कर्ते याबद्दल खंत करतात. श्रमिकांच्या दृष्टीने मात्र ही दिरंगाई म्हणजे अनायासे लाभलेली संधी आहे. रस्ता झाल्यावर रस्त्याविषयी बोलून उपयोग नसतो. नगराची सीमा अजून मातीत उतरलेली नाही, तोवरच नगराविषयी बोलण्यात अर्थ आहे.

प्रश्न साधा आहे. पुढील तीस-चाळीस वर्षे कोणत्या जमिनीचे काय व्हावयाचे, कोठे कारखाना, कोठे घरे, कोठे बाजार आणि कोठे शेत, हे ठरविणार कोण? महाराष्ट्रात याचे उत्तर १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात शोधावे लागते. या कायद्यामागे धनंजयराव गाडगीळ समितीचा विचार होता. मुंबई-पुण्याची बेसुमार वाढ रोखून विकासाचे विकेंद्रीकरण करावे, हा त्या विचाराचा गाभा. विचार विकेंद्रीकरणाचा, पण कायद्याने जी यंत्रणा उभी केली, ती वरून खाली चालणारी. ज्या शहराला नगरपालिका आहे, तेथे आराखडा करणारी संस्था निदान लोकांनी निवडलेली असते. नवनगराचे तसे नाही. तेथे शासन प्राधिकरण नेमते, आणि ते बहुधा एखादे महामंडळच असते. नव्या मुंबईसाठी सिडको होती, समृद्धीच्या नगरांसाठी रस्ते विकास महामंडळ पुढे आले. रस्ता बांधणाऱ्या संस्थेने नगर वसवावे, हाही आपल्याकडील एक नमुनेदार विचार!

लोकांचा सहभाग म्हणून कायद्यात जे आहे, त्याचे नाव ‘हरकती व सूचना’. आधी अधिसूचना निघते, सीमा ठरते, सल्लागार नेमला जातो, आराखडा तयार होतो, तो राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि मग नागरिकाला सांगितले जाते की, ठराविक मुदतीत आपली हरकत नोंदवा. हरकत हा दाव्यातल्या पक्षकाराचा शब्द आहे. निर्णय झालेला आहे असे गृहीत धरून त्यात आपल्यापुरती दुरुस्ती मागणाऱ्याची ती भाषा आहे. शेलूबाजारच्या शेतमजुराला राजपत्र कोठे मिळते हे ठाऊक नसते, आणि मिळाले तरी नकाशावरील रंगांचा अर्थ त्याला कोणी सांगत नाही. अशा सहभागाला सहभाग म्हणणे ही भाषेची विटंबना आहे.

याचा परिणाम काय होतो, हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नव्या मुंबईचा आराखडा मांडण्यात आला. आखणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मुंबईचा भार हलका करावा, सर्व थरांतील लोकांना घरे मिळावीत, ही त्यांची दृष्टी होती. पण त्या ९५ गावांतील आगरी-कोळी शेतकरी, मिठागरांतील मजूर आणि मच्छीमार यांना नकाशावर स्थान होते ते केवळ ‘गावठाण’ या ठिपक्याचे. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जणांचे बळी घेतले, आणि त्यानंतर १९९० मध्ये साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व शासनाने मान्य केले. म्हणजे जी गोष्ट आराखड्याच्या पहिल्या पानावर असावयास हवी होती, ती मिळविण्यासाठी वीस वर्षे आणि पाच प्राण खर्ची पडले. तरीही प्रश्न सुटला नाही. कुटुंबे वाढली, गावठाण तेवढेच राहिले. माणसांनी आपल्याच गावात घरे बांधली आणि ती ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणून अनधिकृत ठरली. वाढत्या कुटुंबाला तीस वर्षांनी घर लागेल, हे सांगावयास नगररचनाकार लागत नाही. गावातील कोणत्याही म्हातारीने ते सांगितले असते. तिला कोणी विचारले नाही, इतकेच.

वाशिममध्ये हीच चूक अधिक क्रूर रूप घेईल. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख आणि त्यातील शंभरात ब्यांशी माणसे खेड्यांत राहणारी. त्यांतील ज्यांच्या नावावर सातबारा आहे, त्यांच्याशी शासन बोलते. २०१६ मध्ये ते भूसंचयाची भाषा बोलत होते: जमीन द्या, विकसित भूखंड आणि दहा वर्षे वार्षिक मोबदला घ्या. विरोध झाल्यावर २०१७ पासून रस्त्यासाठी थेट खरेदीची भाषा आली. दोन्ही भाषांत ज्याला स्थान नाही असा मोठा वर्ग गावात आहे. सालदार आहे. बटईने वा मक्त्याने दुसऱ्याचे वावर कसणारा आहे. निंदणी-खुरपणीवर आणि सोयाबीनच्या सोंगणीवर घर चालविणारी बाई आहे. तिच्या नवऱ्याच्या नावावर दोन एकर असले तरी तिचे स्वतःचे नाव उताऱ्यावर क्वचितच असते. तांड्यावरचा बंजारा आणि बेड्यावरचा पारधी आहे. जमीन विकली गेली की मालकाला पैसा मिळतो. या साऱ्यांचा रोजगार मात्र त्याच दिवशी संपतो आणि त्याची नोंद कोणत्याही खरेदीखतात होत नाही. नियोजनात ‘रहिवासी’ या शब्दाचा अर्थ ‘जमीनमालक’ असा होऊ दिला, तर लोकसहभागाच्या सर्व सभा भरवूनही अर्धे गाव बाहेरच राहील.

वऱ्हाडातील ई-क्लास जमिनीचा प्रश्न याला जोडूनच येतो. ही गावाची चराईची, सरपणाची, स्मशानाची आणि अनेक ठिकाणी भूमिहीनांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहितीखाली आणलेली जमीन. ती शासनाच्या नावावर असल्याने नवनगराच्या आराखड्यात ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी उपलब्ध ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनींच्या रक्षणाविषयी निकाल दिला, त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने गायरानाबाबत निर्णय काढला. पण त्याचा उपयोग बहुधा गरिबाचे अतिक्रमण काढण्यासाठी होतो. सार्वजनिक प्रयोजन या नावाखाली तीच जमीन महामंडळाला देताना कोणाची लेखणी अडखळत नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा की, शेतकरी स्वतःच जमीन द्यावयास तयार आहेत. काही आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ही तयारी कोठून येते? २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि शेतकऱ्याला बाजार समितीत त्याहून बरेच कमी मिळत होते. सिंचनाच्या बाबतीत हा सारा प्रदेश अनुशेषाचा, हे दांडेकर समितीने १९८४ मध्येच आकड्यांनिशी मांडले होते. ज्याला शेती तोट्यात घालते, त्याने शेत विकण्यास दिलेली संमती ही नगरनियोजनाला दिलेली संमती नव्हे. शिवाय अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातला विद्यार्थीही सांगेल की, जमिनीचे मूल्य मालकाच्या श्रमाने नव्हे, तर समाजाने केलेल्या खर्चाने वाढते. रस्ता जनतेच्या पैशाने झाला. त्यामुळे वाढलेली किंमत आज खरेदी करून उद्या विकणाऱ्याच्या खिशात जाणार असेल, तर समृद्धी कोणाची हे वेगळे विचारावयास नको. नवनगरातील जमीन विकून टाकण्याऐवजी सार्वजनिक मालकीत ठेवून भाडेपट्ट्याने द्यावी, आणि त्या उत्पन्नावर भूमिहीन कुटुंबांचा पहिला हक्क असावा, ही मागणी त्यामुळेच अतिरेकी नाही.

दुसरा आक्षेप तज्ज्ञांचा. नियोजन हे शास्त्र आहे, ग्रामसभेला त्यातले काय कळते? मुंबईत तज्ज्ञांनी केलेला विकास आराखडा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील चुका सामान्य नागरिकांनी दाखविल्या. हजारो हरकती आल्या आणि अखेर मुख्यमंत्र्यांना तो आराखडा नव्याने करावयास सांगावा लागला. मुंबईकराला आपली गल्ली कळते, तसे कारंजेकराला आपले शिवार कळते. कोणता नाला पावसाळ्यात पात्र सोडतो, काळी माती कोठे किती खोल आहे, कोणत्या विहिरीला चैत्रात पाणी राहते, हे उपग्रहाच्या छायाचित्रात दिसत नाही. वाशिम शहर एकबुर्जीच्या पाण्यावर आणि कारंजा अडाणच्या पाण्यावर अवलंबून आहे. नव्या नगराची आणि त्यातील कारखान्यांची तहान कोणत्या धरणातून भागणार आणि कोणाचे ओलित त्यासाठी तुटणार, हा प्रश्न तज्ज्ञांनी नव्हे, धरणाखालच्या शेतकऱ्यांनीच प्रथम विचारावयाचा आहे.

राज्यघटनेत याला आधार नाही असेही नाही. जिल्हा नियोजन समितीने ग्रामपंचायती व नगरपालिका यांच्या समान हिताच्या बाबी, त्यात भूवापराचे नियोजन आणि पाण्याचे वाटपही, विचारात घ्यावे असे ७४ व्या घटनादुरुस्तीने सांगितले. आपल्याकडे ही समिती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली निधी वाटण्याची बैठक होऊन बसली. उलट त्याच दुरुस्तीतील औद्योगिक वसाहतीला नगरपालिकेतून वगळणारी पळवाट मात्र ठळकपणे लक्षात राहिली आहे. लवासाच्या बाबतीत २००८ मध्ये तर खाजगी कंपनीलाच नियोजन प्राधिकरणाचे अधिकार दिले गेले. ते काढून घ्यावयास २०१७ उजाडले. नवनगरात पहिल्या दिवसापासून निवडून आलेली संस्था हवी, यावर तडजोड होता कामा नये.

या सर्व दोषांत चळवळीचाही वाटा आहे. डाव्या व समाजवादी कार्यकर्त्यांनी जमिनीचे लढे जिवाच्या कराराने लढविले. पण ते बहुधा संपादनाची नोटीस आल्यावर सुरू झाले आणि मोबदल्याचा दर वाढला की थांबले. दराच्या लढ्यात सातबारावाला पुढे राहतो, भूमिहीन मोर्चात चालतो आणि शेवटी रिकाम्या हाताने परततो. केरळमध्ये १९९६ नंतर लोकयोजना मोहिमेने पंचायतीपंचायतीत गावाची साधनसंपत्ती मोजून विकासाचा दस्तऐवज तयार करविला, तेव्हा तेथील कार्यकर्ते घोषणांबरोबर वह्या घेऊनही फिरले. वाशिमच्या तीन तालुक्यांत ते अशक्य का असावे?

महाराष्ट्रातील ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. इंटरचेंजलगतच्या प्रत्येक गावात पुढच्या ग्रामसभेपूर्वी कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन यादी करावी: शेत कोणाचे, कसणारा कोण, मजुरी कोणाची, गुरे कोठे चरतात, पाणी कोठून येते. चावडीच्या भिंतीवर शिवाराचा मराठी नकाशा लावावा. आणि ती यादी व तो नकाशा ठरावाला जोडून ग्रामसभेने लिहून द्यावे की, या गावाच्या हद्दीत नवनगराची कोणतीही सीमा आखण्यापूर्वी प्राधिकरणाने येथे येऊन या यादीतील प्रत्येक कुटुंबाचे पुढे काय होणार हे सांगावे. ते सांगेपर्यंत मोजणीला संमती नाही.