मोबाईलवरची शतरंज आणि गाळ्यावरचा हिशेब

या पानावर सुताचे भाव, ग्रे कापडाची मागणी आणि उधारीची रड याखेरीज मी सहसा काही लिहीत नाही. आज शतरंजवर लिहितो आहे आणि त्याला कारण घरचेच आहे. माझा भाचा गाळ्यावर माझ्याबरोबर बसतो. गिऱ्हाईक नसले की मोबाईलवर शतरंज खेळतो. गेल्या महिन्यात दुल्हाभाईंनी त्याचा मोबाईल काढून घेतला आणि मला बोलावून सांगितले, "हा नाद याने सोडला पाहिजे, तुम्ही समजवा." समजावण्याआधी मी त्याचे डाव पाहिले. तोच नाद मलाही आहे, हे दुल्हाभाईंना ठाऊक नव्हते.

मी खेळू लागलो मार्च २०२० च्या टाळेबंदीत. माग बंद, बाजार बंद, गोदामात ताके पडून. लहानपणी वालिदांकडून देशी पद्धत शिकलो होतो. तिच्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते आणि राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. लिचेसवर पहिल्याच दिवशी समोरच्याने राजा आणि हत्ती एका चालीत हलवले. मला वाटले, फसवणूक झाली. दुसऱ्या दिवशी माझे दोन घरे गेलेले प्यादे शेजारच्या प्याद्याने तिरके सरकून उचलले. मी मोबाईलच बिघडला असे समजलो. नावांचाही घोळ होताच. उर्दूत तिरका चालतो तो फील, म्हणजे हत्ती. मराठीत हत्ती सरळ चालतो आणि तिरका उंट. माझ्या तोंडून आजही फीलच निघतो.

लिचेस नव्या माणसाला १५०० गुणांवर उभे करते. आठवड्याभरात मी १२०० च्या खाली आलो. दोष खेळण्याच्या तऱ्हेत होता. वजीर लवकर बाहेर काढायचा आणि चार चालींत मात करायला धावायचे. नवख्यावर हे चालते. जाणता माणूस वजिराच्या मागे लागतो आणि त्या पळापळीत आपले घोडे, उंट फुकटात मैदानात आणतो. एका रात्री मी सलग अकरा डाव हरलो. प्रत्येक वेळी वाटे, हा शेवटचा, एवढा जिंकून गेलेले गुण भरून काढू. पुढे बाजार उघडल्यावर सूत उतरत होते, तेव्हा सरासरी खाली यावी म्हणून मी तीन वेळा आणखी सूत उचलले होते. शतरंजमध्ये गुण गेले, तिथे रोकड गेली.

मग खेळ बदलला. डावाला पंधरा मिनिटे, वर प्रत्येक चालीला दहा सेकंद, आणि दिवसाला तीनच डाव. हरलेला डाव जुन्या रोजमेळाच्या कोऱ्या पानांवर लिहायचा, समोर हरण्याचे कारण. कोठे चुकले ते यंत्र दाखवते, पण का चुकले ते आपल्यालाच लिहावे लागते. बहुतेक पानांवर एकच कारण निघाले: मोहरा बेवारस सोडला. समोरच्याच्या हुशारीने हरलेले डाव फार थोडे. पुन्हा १५०० गाठायला दोन वर्षे लागली.

हे गुण म्हणजे काय, तेही सांगतो. मूळ पद्धत अर्पाद एलो या अमेरिकेतल्या प्राध्यापकाची. जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती १९७० मध्ये स्वीकारली. दोनशे गुणांचा फरक असेल तर वरच्याला चार डावांत तीनाच्या आसपास गुण मिळावेत, असा तिचा हिशेब. म्हणून दुबळ्याला हरवून कवडी मिळते आणि त्याच्याकडून हरलो तर मोठी रक्कम कापली जाते. सोपी गिऱ्हाइके शोधून मोठे होता येत नाही.

आता भाच्याचे. त्याचे डाव तीन मिनिटांचे. दीड वर्ष तो १७०० च्या आगेमागे अडकलेला आहे. जिंकलेले डाव पाहिले तर कितीतरी ठिकाणी पटावर तो हरत होता, समोरच्याची वेळ संपली म्हणून वाचला. सुरुवातीच्या दहा चाली तोंडपाठ. पण पटावर एकेक हत्ती आणि चार प्यादी उरली की हात थरथरतो.

मीर सुलतान खान यांचे नेमके उलटे होते. पंजाबचे हे खेळाडू सर उमर हयात खान यांच्या पदरी होते आणि देशी पद्धतीवरच वाढलेले. विलायती सुरुवातीच्या चाली त्यांना कच्च्या येत, पण शेवटच्या टप्प्यात भले भले त्यांच्यापुढे गडबडत. १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ते ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले, हेस्टिंग्जला कापाब्लांकांना हरवले. त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर किताब मिळाला २०२४ मध्ये, इंतकाल होऊन अर्धशतक उलटल्यावर.

दुल्हाभाईंना मी सांगितले की तुमचा राग खेळावर आहे तो चूक, तीन मिनिटांवर असता तर मी तुमच्या बाजूने बोललो असतो. त्यांनी लगेच दुसरे टोक धरले. नागपूरच्या दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाल्या, मग याचे काय? अहो, हा एकोणीस वर्षांचा, गाळा सांभाळणारा मुलगा. त्याने ग्रँडमास्टर कशाला व्हायला हवे? त्याने हरलेल्या डावाकडे बघायला शिकावे, एवढेच माझे मागणे. उद्या खतावणी त्याच्याच हाती यायची आहे.

मोबाईल परत मिळाला. अट अशी की गाळा बंद झाल्यावर दोन डाव, आणि वही. पहिल्या आठवड्यात कारणाच्या रकान्यात चार वेळा "घाई" आहे, एकदा "समोरचा चांगला खेळला" आणि एकदा "हत्तीचा शेवट येत नाही". परवा दुल्हाभाई वही चाळत होते. मला विचारू लागले, हत्तीचा शेवट म्हणजे काय हो? पट मांडून दाखवला. रात्रीचे साडेअकरा वाजले.